सात वर्षांचा गारवा बघायला मालवणला

आमच्या कोल्हापूरच्या घरात वरच्या खोलीत माझे सासरे, आप्पा, राहतात. मार्चपासून त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब तव्यासारखा तापतो. गेल्या उन्हाळ्यात ते दोनदा चक्कर येऊन पडले. गच्चीवर ऊन अडवणारा फोम फवारून घ्यायचा, हे तसं तीन वर्षांपासून चाललंय. ठेकेदार म्हणाला, "एकदा घातला की कायमचा गारवा. मालवणजवळ आमच्या पहिल्या कामाला सात वर्षं झाली. बघून या." मालवण म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला, सुहासला, आधी सुरमई दिसली. शनिवारी पहाटे आम्ही अभ्यासदौऱ्यावर निघालो.

गगनबावड्यावरून करूळ घाट उतरलो. (घाट चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या.) वैभववाडीत भजी आणि चहा, पुढे कणकवली, कसाल. अकराच्या सुमारास मालवणच्या अलीकडे तात्यांच्या घरी पोचलो. तात्या निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही येणार हे ठेकेदाराने त्यांना आदल्या दिवशीच कळवलं होतं.

हॉल इतका गार, की मी ओढणी अंगभर घेतली. "सात वर्षं, आणि फरक शून्य," तात्या वर्गात सांगावं तसं म्हणाले. सुहासने खिशातून तापमापक काढून चोवीस अंशांचा फोटो घेतला. तात्यांच्या बायकोने, काकींनी, सोलकढी दिली.

तेवढ्यात वीज गेली. आतल्या खोलीतली घरघर थांबली, आणि ती इतका वेळ चालू होती हे आमच्या लक्षात आलं. अर्ध्या तासात सुहासचा शर्ट पाठीला चिकटला. तापमापक मात्र त्याने परत खिशात घातला होता.

"पावणे येतले म्हणान सकाळधरून एसी लावलेलो," काकी तात्यांना म्हणाल्या. "आता दाखवा तुमचो फोम."

तात्या आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. फोम उन्हाने तपकिरी पडला होता. वरचा रंग पोपडे होऊन उडालेला, भेगांत मुंगळ्यांची वसाहत. चिमटीत घेतलेल्या तुकड्याची भुकटी झाली. "पहिली दोन वर्षं खरंच गार होतं हो," तात्या म्हणाले. "दर दोन वर्षांनी वरचा रंग द्या, असं कागदावर लिहिलं होतं. आयुष्यभर मुलांना सूचना नीट वाचा म्हणून ओरडलो, आणि स्वतः वाचलं नाही. माझ्या शब्दावर वाडीतल्या चौघांनी फोम घातला. आता काय तोंडाने सांगू?" मला त्यांची फार दया आली.

जेवताना काकींनी विचारलं, "म्हाताऱ्याक वर कित्याक ठेवलास गो? खाली खोली नाय?"

"आहे की."

"मगे थंय कोण निजता?"

सुहास सुरमईतले काटे फार मन लावून काढू लागला. "आम्ही," मी म्हणाले. काकींनी माझ्या ताटात भात वाढला. समुद्र न बघताच आम्ही परत निघालो.

रविवारी आप्पांची कॉट खाली आणली आणि आमचा पलंग वर नेला. "माझी काही तक्रार नव्हती," आप्पा म्हणाले, आणि दुपारभर शांत झोपले. फोम आम्ही घालतोच आहोत, दर दोन वर्षांनी रंग द्यायचं लेखी घेऊन. आप्पा वर होते तेव्हा तीन वर्षं आम्ही नुसती दरपत्रकं मागवत होतो. आम्ही वर गेल्याला आज चौथा दिवस आहे, आणि उद्या सकाळी माणसं कामाला येतायत.