तीन जावा आणि दिनेश रेडर

इंटरनेटवर ‘कट्टर दिनेश रेडर, रोहा’ नावाचं एक पेज आहे. तिथल्या अ‍ॅडमिनला लोक भावा म्हणतात, दादा म्हणतात. एका उत्साही पोराने तर ‘अ‍ॅडमिन, एकदा रोह्याला ये, बसू’ असंही लिहिलं होतं. हा अ‍ॅडमिन पेणजवळ जोह्याला गणपतीच्या कारखान्यात कामाला आहे, त्याची पन्नाशी उलटली आहे, त्याला दोन नातवंडं आहेत आणि दुपारी जेवण झालं की तो पदर तोंडावर ओढून घटकाभर पडतो. त्याचं नाव शांती. हे नाव ठेवताना माहेरच्यांनी जरा घाई केली, असं तिचा नवरा कान्हू म्हणतो, पण ती ऐकत नसताना.

कारखान्यात शांतीबाईंचं काम एकच, डोळ्यांची आखणी. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगाला जाते, आणि सगळ्यांचे हात फिरून झाले की त्यांच्या पुढ्यात येते. त्या श्वास रोखून बारीक ब्रश फिरवतात आणि तोवर आंधळा बसलेला गणपती टकामका बघायला लागतो. सोंड, पोट, पाय, उंदीर ही बाकीच्यांची कामं. उंदराचा कान तुटला म्हणून कारखान्यात आरडाओरडा झाला तरी शांतीबाई मान वर करत नाहीत.

पेजची सुरुवात गडब गावात झाली. तिथे कबड्डीचे सामने होते. कान्हूच्या पुतण्याची टीम पहिल्याच फेरीत लोळवली गेली आणि घरचे सगळे तोंड पाडून निघाले. शांतीबाईंच्या हातात मात्र नुकताच गरम वडापाव आला होता. तो टाकून त्या कुठे जाणार? म्हणून त्यांनी पुढची मॅच बघितली, आणि त्या मॅचमध्ये दिनेश होता. रोह्याकडचा, नदीकाठच्या वाडीवरचा, एरवी रोजंदारीवर जाणारा पोरगा. बाकीच्या रेडरांचे गॉगल लावलेले फ्लेक्स मैदानाभोवती फडफडत होते. याच्या अंगात कुणाकडून तरी मागून आणलेली जर्सी, आणि पाठीवर नावही त्या दुसऱ्याचंच. पण हा चढाईला निघाला आणि शांतीबाईंना त्याचे डोळे दिसले. पापणी लवत नव्हती. समोर सात जण अंगावर यायला टपलेले, आणि हा बाजारात मेथीची जुडी निवडावी तसा त्यांच्याकडे बघत होता.

“जन्मभर डोले आखले,” घरी येऊन त्या सुनेला म्हणाल्या, “पन असे मना कदी जमले नाय. आनि त्या पोराचा येक फ्लेक्स नाय गो कुटं.”

“मग आपण लावू, आई,” दिपिका म्हणाली आणि तिने जेवणाआधी पेज काढून दिलं.

तेव्हापासून पेण-रोह्याच्या पट्ट्यात जिथे दिनेश खेळेल तिथे शांतीबाई हजर. पुढच्या रांगेतल्या पोरांना कोपराने बाजूला सारून फोन असा रोखायच्या की पोरं आपोआप जागा द्यायची. झूम करून करून दिनेशचा चेहरा पडदाभर आणायच्या. मग घरी दिपिका तो कापायची, हळू करायची, मागे ताशाचा आवाज लावायची. कान्हू चहा पिता पिता बघायचा. “आपल्या लेकाच्या लग्नात तरी येवडा झूम केलास का गो?” असं त्याने एकदाच विचारलं. त्या दिवशी त्याला चहा दुसऱ्यांदा मिळाला नाही.

व्हिडिओ टाकायला तीन साइट होत्या. त्यांची नावं इथे घेत नाही, त्यांचे वकील आपल्यापेक्षा जास्त शिकलेले असतात. शांतीबाई त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायच्या, कारण त्यांच्या स्वतःच्या तीन जावांचे गुण तिथे जसेच्या तसे उतरले होते. थोरली सगळं जपून ठेवायची, पण आधी रुसायची. व्हिडिओ चढवला की कितीतरी वेळ धुरकट दाखवायची, मग मर्जी फिरली की एकदम लख्ख. मधली तोंडावर गोड. घ्यायची पटकन, गावभर दाखवायची, पण घेता घेता व्हिडिओचं पार पीठ करायची. मैदानात धूळ उडाली की तिच्याकडे दिनेशच्या गालाचे चौकोनी ठोकळे पडायचे. आणि धाकटीला सगळं उभं लागायचं. आडवा व्हिडिओ दिला की दोन्ही कडा छाटून टाकायची आणि वर त्यावर दोन बदाम चिकटवायची.

हा निवाडा शांतीबाईंनी ऐकीव माहितीवर केलेला नव्हता. एकच चढाई तिन्हीकडे चढवायची, घरातले तीन फोन आणायचे, कारखान्यातल्या तीन कोऱ्या गणपतींच्या मांडीवर उभे करायचे, आणि एकाच जागी थांबवून चष्मा लावून तपासायचे. डोळ्याचा पांढरा पांढराच दिसतो की पिवळा? भुवईवरचा घाम थेंब दिसतो की डाग? कान्हूला त्या वेळात कुणी फोन केला तर गणपतीच वाजायचा. दिपिकाने पुढे एक युक्ती शोधली. थोरलीला देण्याआधी व्हिडिओ मोठ्या आकाराचा करून घ्यायचा, म्हणजे ती कमी चिरडते. “तसंच हाय तिचं,” शांतीबाई म्हणाल्या, “बारका पावना आला का चा, मोटा आला का ताट.” पेजवर कुणी ‘मोबाईलवर काय फरक पडतो’ असं लिहिलं की त्याची खैर नसायची. अ‍ॅडमिन त्याला इतकं लांबलचक उत्तर द्यायचा की तो पोरगा कबड्डी बघायचाच सोडून देई.

मग एक दिवस पेजवरच्या नंबरावर फोन आला.

“भाऊ, मी दिनेश बोलतो.”

“बोल रे बाला.”

पलीकडचा आवाज अवघडला. “अ‍ॅडमिन भाऊ हायत का?”

“मीच तो भाऊ,” शांतीबाई म्हणाल्या. “मावशी म्हन.”

दिनेशचं काम मोठं होतं. रोह्याच्या एका कंपनीच्या कबड्डी टीममध्ये एक जागा होती. टीममध्ये घेतला की कामालाही घेतात, म्हणजे रोज सकाळी नाक्यावर उभं राहणं संपलं. कोच टीम घेऊन बाहेरगावी गेलेला, सोमवारी त्याला नावं द्यायची होती, आणि त्याने दिनेशचे व्हिडिओ मागितले होते. दिनेशकडे स्वतःचा एकही नव्हता. त्याने पेजचं नाव देऊन टाकलं होतं.

शांतीबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी थोरलीवरच्या सगळ्यात लख्ख व्हिडिओंच्या लिंका कोचला पाठवल्या आणि खाली सूचना लिहिली: लगेच बघू नका, चक्राचं चिन्ह दाबा, सगळ्यात मोठा आकडा निवडा, मग बघा. कोचचं उत्तर त्याच दुपारी आलं.

‘भाऊ, क्वालिटी एक नंबर. घामाचे थेंब मोजता येतात. पण पाय कुठे आहेत?’

शांतीबाईंनी आधी कोचला शिव्या घातल्या. पायांत काय ठेवलंय मेल्याला? मग दिपिकाने समजावलं, की आई, रेडर बोनस घेतो तो पायाने, रेषेपलीकडे पाय टाकतो तेव्हा मागचा पाय हवेत हवा, कोच बघणार तो पायच. हे शांतीबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण तिकडे कधी बघितलं नव्हतं. दोघी सासू-सुना सगळे व्हिडिओ पहिल्यापासून उघडत बसल्या. दिनेशचं कपाळ होतं, नाक होतं, पापण्या होत्या. एका व्हिडिओत अर्धा गुडघा सापडला, तोही समोरच्या टीममधल्या पोराचा.

एवढी वर्षं त्या पोराला गावोगाव दाखवलं आणि कामाला येईल असं काहीच दाखवलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. जेवणात मीठ नाही हे कान्हूच्या लक्षात आलं, आणि तो स्वतःच उठून मीठ घेऊन आला.

रविवारी दुपारी रोह्याला फायनल होती. कोचने कळवलं, ती पूर्ण मैदान दिसेल अशी काढा, उंचावरून, झूम नको. कान्हूने गणपती पोचवणारा टेम्पो मागून आणला, मैदानाच्या कडेला लावला आणि शांतीबाई त्याच्या टपावर चढल्या. खालून कान्हू म्हणाला, “पडलीस तर तो व्हिडिओ मी काढीन.” त्यांनी खाली बघितलं नाही. फोन दोन्ही हातांनी धरला आणि मातीवर पांढऱ्या फक्कीने मारलेल्या रेषांवर रोखला.

चेहरा बघायचा नाही हे त्यांना उपासापेक्षा जड गेलं. झूमकडे बोट सारखं जायचं, त्या ते मागे घ्यायच्या. पडद्यावर दिनेश बोटाएवढा आणि त्याचे पाय नखाएवढे. पण आता बघायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून त्या पाय बघू लागल्या. शेवटच्या चढाईला दोन्ही टीम बरोबरीत होत्या. दिनेश आत शिरला, बोनस रेषेपाशी आला, आणि शांतीबाईंना दिसलं की त्याचा मागचा पाय कापतोय. टाच जमिनीवर थरथरत होती. मग ती टाच सुटली, पाय उचलला गेला, पुढचा पाय रेषेपलीकडे पडला आणि मागचा तसाच थरथरत हवेत राहिला. खाली मात्र टेकला नाही. दिनेश उलटा फिरून मध्यरेषेवर झेपावला आणि सगळं रोहा ओरडलं. टेम्पोवरचा फोन हलला नाही.

संध्याकाळी जोह्याला तीन फोन पुन्हा गणपतींच्या मांडीवर बसले. थोरलीने रुसवा सोडल्यावर थरथर इतकी स्वच्छ दाखवली की दिपिकानेही तोंडावर हात ठेवला. मधलीकडे थरथर नव्हतीच, धुळीत सगळं एकजीव झालेलं. शांतीबाई पहिल्यांदा मधलीवर खूश झाल्या. हीच पाठवावी, पोराची लाज राहील. मग चष्मा पुसून त्यांनी परत बघितलं. त्या पिठात मागचा पाय जमिनीला टेकल्यासारखा दिसत होता. लाज राहत होती आणि बोनस जात होता. धाकटीने तर दोन्ही रेषाच छाटून टाकल्या होत्या.

त्यांनी थोरलीची लिंक पाठवली. या वेळी खाली सूचना काही लिहिली नाही.

उत्तर यायला वेळ लागला. ‘पाय कापतोय त्याचा,’ कोचने लिहिलं होतं. मग दुसरा मेसेज आला. ‘कापतोय तरी टेकला नाही. नाव देतो. बुधवारी कंपनीच्या मैदानावर पाठवा.’

शांतीबाईंनी लगेच दिनेशला फोन लावला. आनंदाची बातमी आधी सांगायची सोडून त्या भलतंच बोलून बसल्या. “दिनेश, तुजा पाय कापतो रे. मी तसाच पाठवला.”

“व्हय मावशी,” तो म्हणाला. “पयल्यापासून कापतो. मॅचच्या आदी मी तुमचं व्हिडिओ बगायचो. त्यातला तो घाबरत नाय. मना वाटायचा, हा कोन दुसराच हाय, मना याच्यासारखा खेलायचा हाय.” मग म्हणाला, “आजच्यात मी दिसलो.”

शांतीबाईंना रडू आलं. त्यांनी पदराने डोळे पुसले, कोचचा निरोप सांगितला आणि बुधवारी वाडीवरून किती वाजता निघणार ते विचारून घेतलं.