शेंदराखालचा शिलालेख

परवा गल्लीतल्या मारुतीला नवा शेंदूर लागला, आणि त्या तेलकट वासाने मला थेट पारोळ्याजवळच्या एका गावात नेलं.

नव्वदच्या आसपास धुळ्याच्या आमच्या छोट्या इतिहास त्रैमासिकात मी तिथल्या देवळातल्या शिलालेखाचं वाचन छापलं होतं. ते ताडून पाहायला पुण्याचे एक प्राध्यापक एसटीने आले. पाहुणे येणार म्हणून गावाने दगडाला हौसेने शेंदराचा जाड थर दिलेला. एकही अक्षर दिसेना. माझा चेहरा उतरला.

देवळाचे पुजारी आबा माझ्या हातातल्या त्रैमासिकाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, “अक्षरं तुमना अंकमा शेतस ना, तठेच वाचा.”

प्राध्यापक पोट धरून हसले.

शेंदूर अजून निघालेला नाही. त्या शिलालेखावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही आमचाच अंक शोधावा लागतो.