छावणीतल्या कबरीचं चित्र

बायकोच्या हुशारीची जाहिरात मीच केली, हे आधी सांगून टाकतो. पुढं जे मला झोंबलं त्याला माझंच तोंड कारणीभूत.

आमच्या घराण्यात पदवीधर मी पहिला. वडील इचलकरंजीत मागावर कामाला, आई कांड्या भरायची. मी बी.ई. सिव्हिल झालो तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि माझं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं. तेव्हापासून आमच्याकडं महत्त्वाचा कागद आला की तो लॅमिनेट होतो. लग्नानंतर बायकोचा आर्ट टीचर डिप्लोमाही मी तसाच करून आणला. ती म्हणाली, "अहो, आता ह्याच्यावर कुणाला शिक्का मारायचा झाला तर कुठं मारणार?" मी म्हटलं, "राहू दे, टिकतं तरी."

अबू धाबीत आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो, एका व्हिलाच्या मागच्या अंगाला पार्टिशन घालून केलेल्या दोन खोल्यांत. मी एका कंत्राटदाराकडं साइट इंजिनिअर. २००८ सरता सरता मंदी आली आणि ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या. आमच्याकडं एकच काम चालू राहिलं : वाळवंटातल्या लष्करी छावणीत गाड्यांची शेड आणि जवानांसाठी बराकी. दुबईतले मित्र फोनवर म्हणायचे, "तुझं बरंय लेका. आर्मीचं काम थांबत नसतं."

तेही थांबलं. पायासाठी माती काढताना खोदकामाच्या शेवल मशीनच्या दातांना दगडांचं एक गोल कडं लागलं. छावणीतला कॅप्टन येऊन बघून गेला, मागोमाग पुराणवस्तू खात्याची माणसं आली. हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी होत्या. त्या उघडून, नोंदवून, उचलून झाल्याशिवाय तिथं खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा हुकूम निघाला.

छावणीत बाहेरच्या माणसाला पासवाला सोबत असल्याशिवाय फिरता येत नाही. माझ्याकडं पास होता आणि काम नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "खलास. तू त्यांचा एस्कॉर्ट." म्हणजे सकाळी गेटवरून त्यांना आत आणायचं, दिवसभर त्यांच्याजवळ बसायचं आणि संध्याकाळी गेटवर सोडायचं. बी.ई. सिव्हिल, फर्स्ट क्लास, प्लास्टिकच्या खुर्चीवर.

टीमची प्रमुख एक इंग्रज बाई होती. साठी उलटलेली, उन्हानं रापलेली, सबंध दिवस गुडघ्यांवर. सगळे तिला मॅडम म्हणायचे. चहाच्या वेळी सांगायची, की तिच्या देशातही तिनं हेच काम केलंय. लष्कराच्या जागेत सैनिकांसाठी घरं बांधायची होती, त्याआधी तिथल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या कबरी हिच्या टीमनं उघडल्या. कुणाच्या कुशीत भाला, कुणाच्या गळ्यात मणी. "सैनिकांना आणि मेलेल्यांना एकसारखीच जागा आवडते," ती म्हणायची, "उंच आणि कोरडी."

"इंजिनिअरलाही," मी म्हटलं. तेवढ्यापुरती हसली आणि पुन्हा ब्रश घेऊन वाकली.

तिचा मला पहिल्यापासूनच हेवा वाटायचा. तिला "कधी संपेल?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मला नोकरीला लागल्यापासून दुसरा प्रश्नच कुणी विचारलेला नाही.

छावणीत कॅमेऱ्याचं कडक होतं. टीमला एकच कॅमेरा, आणि त्यातला प्रत्येक फोटो कॅप्टनच्या ऑफिसातून पास होऊन यायचा, येईल तेव्हा. त्यामुळं कबरीचं चित्र जागेवर बसून हातानं काढावं लागे, आणि चित्र पुरं होईपर्यंत एकही हाड हलवायचं नाही. त्यांच्या चित्रकाराचं काँट्रॅक्ट मंदीत संपलं ते वाढलंच नाही. मॅडमनं मला विचारलं, "तुमच्या ऑफिसात हातानं काढणारं कुणी आहे का? कॉम्प्युटरवर नको."

मी ताठ बसून म्हणालो, "माय वाइफ."

दुसऱ्या दिवशी डिप्लोमा नेऊन दाखवला. मॅडमनं तो उलटसुलट केला, प्लास्टिकवर ऊन चमकलं. म्हणाली, "छान आहे. पण मला तिनं काढलेलं काहीतरी बघायला आवडेल." मग पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी बायकोनं काढलेलं निंबाचं पान नेलं. त्याच्याकडं मॅडम इतका वेळ बघत राहिली की मला खोकावं लागलं. "कधी येऊ शकेल?" एवढंच तिनं विचारलं.

पास येईस्तोवर मी फुगून होतो. शेजारच्या पोर्शनमधल्या केरळी कुटुंबालाही सांगून आलो.

मग ती यायला लागली. डोक्याला स्कार्फ, त्यावर पोराची क्रिकेटची टोपी. कबरीवर एक लाकडी चौकट ठेवायची, तिच्यात दोऱ्यांची जाळी विणलेली. जाळीच्या एकेका चौकोनात जे दिसेल ते ग्राफ पेपरच्या तेवढ्याच चौकोनात उतरवायचं. एक बाई होती आत, कुशीवर निजलेली, गुडघे पोटाशी, एक तळवा गालाखाली. उशाला मऊ दगडाची वाटी, वाटीवर कोरलेली वर्तुळं आणि प्रत्येक वर्तुळात टिंब. गळ्यापाशी तांबडे मणी. मॅडम म्हणाली, असले मणी गुजरातेतून समुद्रमार्गे येत असत.

बायको मान वर करून म्हणाली, "ऐकलं का? आपल्याकडचा माल इथं आपल्याआधीच पोचलाय. आणि तुम्ही आपले व्हिसाचं कौतुक सांगत फिरता."

मॅडमला त्याचं भाषांतर करून सांगायची पाळी माझ्यावर आली. ती खदखदून हसली. माझ्या विनोदाला नव्हती हसली तशी.

आधी संध्याकाळी घरी आलो की ती विचारायची, "कसा गेला दिवस?" आता माझा दिवस तिच्यासमोरच जायचा, त्यामुळं विचारायचा प्रश्न नव्हता. गाडीत ती बोटानं मांडीवर रेघा ओढत बसायची. मी म्हणायचो, "काय विचार चाललाय?"

"बरगड्यांचा."

पोरगं नऊ वर्षांचं. त्यानं एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "बाबा, टीचर वॉन्ट्स आई टू कम टू अवर क्लास."

"आणि मी?"

त्यानं पोळीचा तुकडा मोडला. "यू कॅन ड्रॉप हर."

मी तिच्या चित्रात चूक शोधायचो. उगाच कशाला लपवा. तिनं कागद बाजूला ठेवला की मी जाऊन माप पडताळायचो, टेप लावायचो. एकदा सापडली. एका कागदावर उत्तर दिशेचा बाण राहिला होता. "उत्तर कुठाय? ह्या बाईचं डोकं कुठल्या दिशेला ते कसं कळणार?" मी जरा मोठ्यानंच बोललो, मॅडमला ऐकू जाईल असं. बायकोनं "अगंबाई, खरंच की" म्हणून बाण काढला आणि म्हणाली, "बरं झालं बघितलंत." मॅडमनंही थँक यू म्हटलं. तो दिवस फार छान गेला. जेवणही चवदार लागलं.

कॅप्टन तरुण होता, अदबीचा. अधूनमधून खजूर घेऊन फेरी मारायचा. एकदा तिच्या मागं उभा राहून चित्र बघत म्हणाला, "माशाल्ला." मग माझ्याकडं वळला. "युवर वाइफ?"

"येस सर."

"अँड यू?"

"इंजिनिअर, सर."

त्यानं चहूकडं नजर टाकली. थांबलेला शेवल, ताडपत्र्या, माझी खुर्ची. "व्हेअर इज द इंजिनिअरिंग, हबीबी?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून खजुराचा डबा पुढं केला. मनात काही नव्हतं त्याच्या. मी दोन खजूर घेतले.

मग एके दिवशी मॅनेजरनं ऑफिसात बोलावलं. माणूस सरळ होता, त्यानं सरळ सांगितलं. महिनाअखेर जागा आमच्या ताब्यात आली तर काँक्रीट सुरू आणि मी राहीन. नाही आली तर मला कमी करावं लागेल. माझा व्हिसा गेला की बायकोचा गेला, पोराचा गेला, शाळा गेली. इतर कबरी उचलून झाल्या होत्या. राहिली होती ती एकच, मणीवालीची. आणि तिचं चित्र माझी बायको काढत होती. म्हणजे माझी नोकरी आता बायकोच्या पेन्सिलीवर.

तिला गाडीत सांगितलं. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "होईल," म्हणाली.

"होईल म्हणजे कधी? जरा उरक."

"उरकायचं काम नाही ते."

"डोकं, हात, पाय दाखवले की झालं की."

"तुम्ही बीमच्या ड्रॉइंगमध्ये सळ्या गाळता का?"

"सळ्या गाळल्या तर बिल्डिंग पडते. हिचं आता काय पडायचं राहिलंय?"

मुसफ्फाचे कारखाने दिसायला लागल्यावर तिनं खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाली, "उद्यापासून मी दुपारी सुट्टी घेत नाही. डबा तिथंच खाईन."

आणि खरंच तिनं तसं केलं. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात पेन्सिल. बरगड्या झाल्या, पाठीचे मणके झाले, पायाची बोटं झाली. एकही गाळलं नाही आणि तरी वेळ हातात राहिला. तिच्या वेगाचाही मला हेवा वाटला, माझ्याच फायद्याचा असून.

हाडं उचलायचा दिवस आला. मॅडम आणि तिच्या टीममधली दोन पोरं एकेक हाड कागदात गुंडाळून खोक्यात ठेवत होती. आता फक्त तळाच्या फरशांचं चित्र राहिलं होतं. सपाट दगड, त्यात काढण्यासारखं काही नाही. बायको खाली उतरून बसली होती. मी खुर्चीजवळ उभा राहून मॅनेजरला ऑफिसच्या वॉकीटॉकीवर सांगत होतो, "आजच, इन्शाल्ला. संध्याकाळी जागा आपली."

तेवढ्यात तिचा आवाज आला.

"मॅडम, वन मोअर पर्सन. बिलो."

ती 'स्केलेटन' म्हणाली नाही, पर्सन म्हणाली. दोन फरशांच्या फटीत एक गोलसर कड दिसत होती, वाटीच्या काठासारखी. दगड नव्हता तो, हाड होतं. मॅडम धावत आली, पोटावर आडवी झाली, बॅटरी लावून बघितलं. मग उठून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. आमच्या ऑफिसची मुदत तिला माहीत होती. दोन्ही पोरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही ते फक्त बायकोनं. तिनं नवा कागद लावायला घेतला होता.

फरशा उचलल्यावर कळलं, खाली अख्खा दुसरा थर आहे. अनेक जण, एकावर एक. महिनाअखेरीचा प्रश्न तिथंच मिटला.

मॅनेजरनं कागद हातात देताना "सॉरी यार" म्हटलं. माझा पास गेटवर जमा झाला. बायकोच्या पासची मुदत मात्र बाकी होती, आणि आम्हाला सामान आवरायला काही दिवस मिळाले होते. त्या दिवसांत ती जात राहिली. दुसरा कुणी एस्कॉर्ट तिला गेटवरून न्यायचा. मी घरी आमटी-भात करायचो, पोराला शाळेत सोडायचो, आणि माझ्या खुर्चीवर आता कोण बसलंय याचा विचार करत खोकी भरायचो. ती यायची ती पापण्यांवर माती घेऊन.

"काय निघालं आज?"

"तुम्हाला ऐकायचंय?"

"नको." मग पानं मांडता मांडता, "बरं, काय निघालं?"

शेवटच्या दिवशी मॅडम तिला सोडायला गेटबाहेर आली होती. मी गाडी घेऊन उभा होतो. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "थँक यू फॉर लेंडिंग अस युवर वाइफ."

"मी उसनी दिली नव्हती," मी म्हटलं. पण इंग्रजीत ते नीट सांगता आलं नाही. मॅडमनं माझा हात आणखी एकदा दाबला.

घरी आल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरातलं आवरत होतो. ती स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होती, मी खोक्यांना टेप लावत होतो. पोरगं आतल्या खोलीत टीव्हीपुढं. त्या दिवसापासून विचारायचं राहिलेलं मी शेवटी विचारलं.

"एक विचारू? ती कड दिसली तेव्हा माझी नोकरी आठवली का गं तुला?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, नाही हो, कामात होते, सुचलंच नाही. तसं म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं.

"आठवली," ती म्हणाली. हात थांबला नाही तिचा. "म्हणून तर लगेच बोलले. जरा थांबले असते ना, तर नसते बोलले."

मी टेप ओढत राहिलो. मॅडमच्या हसण्याचा, कॅप्टनच्या माशाल्लाचा, पोराच्या टीचरचा, असा जो हेवा मी महिनाभर उराशी धरला होता, तो सगळा चिल्लर निघाला. हा मात्र खरा हेवा. माझ्या देखरेखीखाली इतके पाये भरले गेले. त्यातल्या एकाखाली तसलं काही मला दिसलं असतं आणि घर पणाला लागलं असतं, तर मी थांबलो असतो. आधी मॅनेजरला फोन केला असता, मग चहा घेतला असता, मग पुन्हा जाऊन बघितलं असतं, आणि तोवर काँक्रीट पडलेलं असतं.

हे तिलाही माहीत होतं. ती डब्यांची झाकणं लावत राहिली. ते बोलून दाखवायची मात्र तिनं घाई केली नाही.