सासरे, मी आणि लाल झेंडा

आयुष्यात मला एकदाच कुणीतरी बंदूक रोखून 'हाथ ऊपर' म्हटलंय, आणि त्या वेळी माझ्याबरोबर माझे सासरे होते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे मंगलला, देवळाली कॅम्पातल्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही गंगापूर रोडचं बिऱ्हाड हलवलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. रिपोर्ट वाचून म्हणाले, "रोज पळा, नाहीतर मिसळ कायमची सोडा." मी क्षणाचाही विलंब न लावता पळणं निवडलं.

पण कॅम्पात पळायचं कुठे? हे लष्कराचं गाव! इथे दूधवालासुद्धा छाती काढून चालतो. रस्ते सुंदर, झाडं भरपूर, आणि दर दुसऱ्या झाडाला पाटी: 'प्रवेश निषिद्ध'.

पहिल्या दिवशी मी बिनपाटीचा एक रस्ता शोधून काढला. शंभर पावलं गेलो नसेन, तोच मागून धाड्‌धाड् बुटांचा आवाज आला आणि चाळीस-पन्नास जवानांच्या तुकडीने मला चक्क गिळलं. पुढे जवान, मागे जवान, मधे पांढऱ्या बनियनमधला मी! शेजारून सायकलवर त्यांचे उस्ताद ओरडत होते, "कदम मिला! ओए मोटे, कदम मिला!"

"साहब, मैं इसमें नहीं हूँ!" मी कसंबसं म्हणालो.

"सब यही बोलते हैं! तेज चल!"

पाऊण किलोमीटरवर मी एका झुडपात पडलो (म्हणजे लपलो). घरी आल्यावर दोन दिवस मला जिन्याचा कठडा धरून उतरावं लागलं.

तेवढ्यात आमचे सासरे, अण्णा, चार दिवस राहायला आले. अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी युनियनच्या कामात. माझी अवस्था पाहून ते म्हणाले, "जावईबापू, रस्त्यावर कशाला पळता? गावाबाहेर एवढं मोकळं माळरान पडलंय. उद्या मी येतो बरोबर."

सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? सकाळी निघालो. अण्णा धोतर-टोपीत, हातात छत्री. मी मेहुण्याच्या ट्रॅकपँटमध्ये. (मेहुणा माझ्या दुप्पट आहे. इलॅस्टिक तर पार वारलेलं.)

तारेच्या एका मोडक्या कुंपणातून आत शिरलो. माळ खरोखर देखणा होता. समोर टेकाड, आणि टेकाडावर फडफडणारा लाल झेंडा.

अण्णांचे डोळे चमकले. "अरे वा! सभा दिसतेय!"

"अण्णा, इथे कसली सभा?"

"लाल झेंडा आहे म्हणजे कामगारांची. चला, ओळखीचं कुणीतरी निघेल. चहा तर नक्की!"

आणि बासष्टाव्या वर्षी हा माणूस धोतराचा सोगा धरून झेंड्याकडे सुटला. मी मागे. त्या महिन्यात मी खऱ्या अर्थाने पळालो तो एवढाच.

तेवढ्यात टेकाडामागून आवाज आला: धडाम्!

"फटाके!" अण्णा खूश होऊन म्हणाले. "पुढारी आला वाटतं."

मग पुन्हा: तड्‌तड्‌तड्‌तड्! पुढारी कितीही मोठा असला तरी इतके फटाके लागत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. मी अण्णांना कमरेत धरून खाली पाडलं. सासऱ्यांना हात लावायची ही माझी पहिलीच वेळ, तीही नमस्काराची नव्हे.

"अहो, धोतर!" अण्णा मातीतून ओरडले.

इतक्यात कर्कश शिट्टी वाजली. "थम! हाथ ऊपर!" बंदूकधारी पहारेकरी धावत येत होता.

अण्णांनी उठून दोन्ही हात वर केले, छत्रीसकट. मी एक हात वर केला.

"दोनों हाथ!"

"साहब, दूसरे हाथ में पँट है!"

"दोनों हाथ ऊपर!"

"इज्जत का सवाल है, साहब!"

बंदूक किंचित वर झाली. मी दोन्ही हात वर केले. पुढचं सांगत नाही. अण्णांनी शहाणपणाने छत्री उघडून माझ्यासमोर धरली, तेवढं त्यांचं ऋण मी मानतो.

आम्हाला चौकीवर नेलं. तिथले सुभेदार निघाले सिन्नरकडचे. "पावणं, लाल झेंडा म्हंजी फायरिंग चालू हाय! पोराटोरांना बी ठावं असतंय! जीव लय झाला का?"

"आमच्या अंबडला लाल झेंडा म्हणजे चहा-बिस्किटं," अण्णा पडेल आवाजात म्हणाले.

ओळख पटवायला शाळेत फोन गेला आणि अर्ध्या तासात मंगल स्कूटरवरून आली. तिचा मास्तरीणबाईंचा चेहरा पाहून पहारेकरीच आधी सावधानमध्ये उभा राहिला.

"ओळखता का ह्या दोघांना?" सुभेदारांनी विचारलं.

"हे माझे वडील." मग तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ट्रॅकपँट तारेच्या तुकड्याने आवळलेली होती. "आणि हे इथे कशाला आले होते म्हणतात?"

"पळायला."

"मग हे आमचे नव्हेत. आमचे पळत नाहीत."

"मंगल!" मी किंचाळलो.

"बाई, चेष्टा नाय," सुभेदार गंभीर झाले. "ह्ये म्हणतेत मी रोज पळतो. पळत नसतील तर त्या माळावर काय करत होते, ते मला वर सांगावं लागंल."

आता मात्र मंगलचा चेहरा उतरला आणि माझा त्याच्याआधीच उतरला होता. सुभेदारांनी चौकीपुढच्या मैदानाकडे बोट केलं. "मारा एक फेरी. बघू."

मी निघालो. अर्ध्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे, पाऊण फेरीत गुडघ्यावर. उरलेली फेरी मी पहारेकऱ्याच्या खांद्यावरून पूर्ण केली. सुभेदारांनी डोक्याला हात लावला आणि पहारेकऱ्याला हिंदीत म्हणाले, "छोड़ दो. जासूस ऐसा होता तो जंग कब की जीत जाते."

सोडताना मात्र त्यांनी भगूरकडे जाणारा एक सावलीचा रस्ता सांगितला. "तिकडं ना फौज, ना पाटी. पळा बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी गेलो. रस्ता सुरेखच. मी जीव खाऊन पळत असताना डोक्यावर मेथीची पाटी घेतलेल्या एक मावशी मला मागे टाकून चालत पुढे गेल्या. थोडं अंतर गेल्यावर थांबल्या, वळल्या आणि कळवळून म्हणाल्या, "भाऊ, पाय लय दुखतोय का? आमचा टेम्पो येतोच हे, बसा त्याच्यात!"

मी बसलो. कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून कॅम्पाच्या नाक्यापर्यंतचं सगळं अंतर मी सात मिनिटांत कापलं. आमच्या घरात तो विक्रम आजही माझ्याच नावावर आहे.