घराण्यात असं कुणी नाही

आमच्या घरात अळंबी कधी शिजली नाही. बाबा तिला कुत्र्याची छत्री म्हणतात. कुणाच्या लग्नात पुलावात ती दिसली की एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला मांडून ठेवतात, यजमान बघत असतील तर जरा जास्तच सावकाश. अशा घरातला माझा धाकटा भाऊ अळंबीची पूड भरलेल्या कॅप्सूल घेत होता. त्याने मला ते सांगितलं तेव्हा मी आधी हसले. मग विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

तो हसला नाही. खराडीतल्या त्याच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं. ही मंडईत मिळते ती अळंबी नव्हे, वेगळी. जास्त घेतली तर भिंती हलतात, रंग बोलू लागतात, माणूस हसतो, रडतो, आपलं आयुष्य लांबून बघतो. अगदी चिमूटभर घेतली तर असलं काहीच होत नाही, फक्त दिवस सोसवतो. त्याला मायक्रोडोसिंग म्हणतात, ऑफिसातले कितीतरी जण करतात.

"अरे, पण आपल्याकडे हा गुन्हा आहे," मी म्हटलं.

"ताई, गेली दोन वर्षं मला नुसतं सकाळी उठणं जमत नाहीये. तो गुन्हा नाही म्हणून चालवून घेऊ का?"

ती दोन वर्षं मी पाहिली होती. मी वाघोलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. सासरहून निघाले की आधी खडकीला माहेरी थांबायची, आई डबा द्यायची आणि पुढे कॉलेजला जाता जाता मी तो खराडीत त्याच्याकडे पोचवायची. पुष्कळदा मागच्या वेळचा डबा न उघडता दाराशी तसाच असायचा. त्यातली भाजी ओतून टाकून डबा घासून मी परत न्यायची आणि आईला सांगायची, "आवडली त्याला." त्याला काय झालंय असं विचारलं की तो म्हणायचा, काही झालं असतं तर बरं झालं असतं. एका मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या त्याने काही महिने घेतल्या. त्यांनी झोप आली, वजन वाढलं, ऑफिसात मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागले. मग कुणाला न विचारता त्याने त्या बंद केल्या.

आणि खोटं कशाला बोलू, त्या कॅप्सूलनी तो बरा झाला. त्या दिवाळीपासून होळीपर्यंत मला माझा भाऊ परत मिळाला होता. रविवारी खडकीला यायचा, आईच्या हातच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा मागून घ्यायचा, बाबांशी पाण्याच्या मोटरीवरून भांडायचा. भांडायचा! दोन वर्षांत त्याने आवाज चढवला नव्हता. आईने सगळं श्रेय आपल्या संकष्टीला दिलं. मी त्या कुत्र्याच्या छत्रीला मनातल्या मनात हात जोडले.

तो मला वाचायला लेख पाठवायचा. परदेशांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली असली अळंबी, म्हणजे तिच्यातलं औषध, खचलेल्या माणसांना देऊन पाहताहेत, काहींना खरंच फरक पडतो. चिमूटभर घेण्याचा उपयोग किती आणि मनाचा समज किती, हे मात्र अजून कुणाला धड माहीत नाही. निम्मं मला कळलं, निम्मं नाही. बहुतेक लेखांच्या शेवटी एक ओळ असायची: रक्ताच्या नात्यात कुणाला गंभीर मानसिक आजार असेल तर यापासून लांब राहावं. ती ओळ मी वाचायची आणि पुढे जायची. आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं.

होळीनंतर तो मित्रांबरोबर मुळशीकडच्या एका बंगल्यावर गेला. यावेळी चिमूटभर नाही, पुरता डोस. बरोबर कुणीतरी एक मार्गदर्शक होता, जटा वाढवलेला, आधी म्हणे तोही आयटीतच होता. त्याने सगळ्यांना गोल बसवून एकेकाला विचारलं, "फॅमिली में किसी को मेंटल इलनेस? कोई भी? सोच के बोलो." माझ्या भावाने विचार केला आणि म्हणाला, नाही. त्या जटावाल्याचा मला मनस्वी राग येतो. पण निदान त्याने विचारलं तरी, हे मला कबूल करावं लागतं.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात असताना भावाच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "अहो मॅडम, आपल्या बंधूंनी फ्लॅटचं दार काढून ठेवलंय."

"काढून म्हणजे?"

"म्हणजे काढून. सुतार बोलावून. बिजागऱ्यांसकट. ते आता कॉमन पॅसेजमध्ये उभं आहे आणि कॉमन पॅसेजमध्ये वस्तू ठेवायला परवानगी नाही. आपल्याला कल्पना असावी म्हणून फोन केला."

मी तशीच निघाले. दार खरंच पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं होतं, नावाची पाटी, कडी, सगळं जागच्या जागी. आत माझा भाऊ फरशीवर मांडी घालून बसला होता. मला बघून त्याचा चेहरा इतका उजळला की मला क्षणभर बरंच वाटलं. "ये ताई! आता कुणालाच बेल वाजवावी लागणार नाही." मग तो बोलायला लागला. झोपेची गरज उरली नाही. शेजारच्या आजींच्या मनातलं ऐकू येतं. खडकीहून बाबा त्याच्याशी बोलतात, फोनशिवाय, आणि बाबांना फार वाईट वाटतंय. मी पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं आणि बोलत राहिला. संध्याकाळ होता होता आनंद ओसरला आणि भीती आली. बाबांचा आवाज आता शिव्या देत होता. त्याने दोन्ही कानांवर इतके जोरात हात दाबले की ते ओढून काढायला मला आणि सेक्रेटरींना मिळून जोर लावावा लागला. सेक्रेटरी नियमाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. गाडी त्यांनीच काढली.

आई-बाबा खडकीहून थेट हॉस्पिटलात आले. डॉक्टर बाई शांत होत्या. मी अळंबीचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि बाबांकडे वळल्या. "काका, आपल्या घरात पूर्वी कुणाला असा त्रास? आपले भाऊ, बहिणी, वडील?"

"नाही," बाबा म्हणाले. "आमच्या घराण्यात असं कुणी नाही."

हे वाक्य ते इतकं सहज म्हणाले, कारण ते त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. आमच्यात स्थळं बघताना समोरचे पत्रिकेच्या आधी आडवळणाने हेच विचारतात, कोड नाही ना, वेड नाही ना. आणि मुलीचा बाप हेच उत्तर देतो.

बाहेर बाकावर आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांना सांग जाऊन. भावोजींना असंच झालं होतं. तेही असेच बोलत सुटले होते. नेमक्या याच वयात."

भावोजी म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका. तो माझ्या जन्माआधी काविळीने गेला, असं आम्हां दोघांना सांगितलेलं होतं. तो गेला नव्हता, आईने त्या बाकावर सांगितलं. तो वेड्यांच्या इस्पितळात होता, इथेच, पुण्यात. बाबा महिन्यातून एका रविवारी ओव्हरटाइमला म्हणून जायचे ते त्याला भेटायला. माझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात तो तिथेच वारला.

मला तेव्हा पितृपंधरवडा आठवला. बाबा गुरुजींच्या मागून एकेक नाव घेऊन तिळाचं पाणी सोडायचे, पणजोबा, आजोबा, आजी. काकाचं नाव त्यात नसायचं. लहानपणी मी एकदा विचारलंही होतं, काकाचं का नाही घेत? आई म्हणाली होती, खीर ढवळ, खाली लागेल. काका जिवंत होता म्हणून त्याला पाणी सोडत नव्हते. तो खरंच गेल्यावर त्याचं नाव आलं असणार, पण तोवर मी सासरी होते. बाबांना माणसांशी खोटं बोलता आलं, पितरांशी आलं नाही.

मी त्यांना हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाठलं. चार लोक बघताहेत याची मला पर्वा नव्हती. "का नाही सांगितलंत? मला नाही तर नाही, त्याला तरी?"

त्यांनी स्कूटरचा आरसा उगाच सारखा केला. मग म्हणाले, "तुझं लग्न व्हायचं होतं."

"आणि झाल्यावर?"

"मग त्याचं व्हायचं होतं."

बाबांनी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत केली. रोज गेटवर कामगारांचे खिसे तपासले जायचे, कुणाकडे काडेपेटी राहू नये म्हणून. आत कशाचा साठा आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असायचं. त्याच माणसाने स्वतःच्या मुलाला त्याच्या अंगात काय साठलंय हे सांगितलं नाही, आणि मुलगा काडेपेटी घेऊन आत गेला. हे मला बाबांना सुनवायचं होतं. पण त्यांच्याकडून स्कूटरची किल्ली लागत नव्हती. मी ती लावून दिली.

मी आत जाऊन डॉक्टर बाईंना काकाबद्दल सांगितलं. मग विचारलं, अळंबी घेतली नसती तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, कदाचित. कदाचित उशिरा आलं असतं, कदाचित अजिबात नाही. काही जणांना तिचा उपयोग होतोही, पण अशा घरातल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, हे नक्की. अशा घरातल्या, असं त्या म्हणाल्या. मला माझ्या घराचं वर्णन पहिल्यांदाच कुणीतरी खरं सांगितलं होतं.

आता तो खडकीला असतो. नोकरी गेली, फ्लॅट भाड्याने दिला. नातेवाइकांना आई सांगते, वर्क फ्रॉम होम आहे. एकदा बरं वाटलं म्हणून त्याने औषध सोडलं आणि सगळं पहिल्यापासून भोगून झालं, त्यामुळे गोळ्या आता कुणीतरी समोर उभं राहून देतं. त्या गोळ्यांनी आवाज थांबलेत आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही बरंच थांबलंय. थालीपीठ पुढे ठेवलं तर खातो, नाही ठेवलं तर मागत नाही. बाबा मोटर चालू ठेवून मुद्दाम विसरतात. टाकी भरून वाहते, पण तो भांडायला उठत नाही. मला आशा वाटते का असं मैत्रिणी विचारतात. मला वाटत नाही. मी जाते, बसते, परत येते.

गेल्या रविवारी आम्ही दोघं गॅलरीत बसलो होतो. तो म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर मी खरंच बरा होतो ना? की तोही आजारच होता?"

"खरंच बरा होतास," मी म्हटलं. मला तसंच वाटतं, आणि त्याच्या पलीकडचं मला ठाऊक नाही.

त्याने मान हलवली. खालून भाजीवाला ओरडत गेला. काकाही इस्पितळात होता, एवढंच त्याला डॉक्टर बाईंकडून कळलं होतं. मग त्याने विचारलं, "काका किती वर्षं होता तिथे?"

आतल्या खोलीत पेपर चाळल्याचा आवाज थांबला. माझा भाऊ माझ्याकडे बघत होता, त्या जड पापण्यांखालून, लहानपणी गणित अडल्यावर बघायचा तसा. खरं सांगायचं तर सबंध आयुष्य, असं सांगावं लागलं असतं.

"थोडेच दिवस रे," मी म्हटलं. "मग बरा होऊन घरी आला. कावीळ पुढे झाली."

"नक्की?"

"नक्की."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. आत बाबांनी पेपरचं पान उलटलं.