बाजाराकडची भिंत

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणत. सरळ, कोरडी आणि लागली तर वळ उठवणारी. तिला हे नाव ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

जुन्या बाजारात तिच्या नवऱ्याचं कुलपांचं दुकान होतं. फळ्या, काउंटर, किल्ल्यांचे खण, सगळं तिनंच आखून करून घेतलेलं. नवरा गेला आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिरानं दुकानाचं कुलूप बदललं. कुलपांचाच धंदा, त्याला काय अवघड! वर चार लोकांत म्हणाला, वहिनींना कशाला आता दुकानाचा त्रास. ती मुकाट्यानं बाहेर पडली. शेजारच्या शिवणकामवाल्या मावशींनी तिला आपल्या दुकानात बसवलं, जेवू घातलं, नकाशे काढायचं शिकायला पाठवलं. ती शिकली, नगरपालिकेत नोकरीला लागली, पण डूख काही सोडला नाही.

पुढे बाजाराला उतरती कळा लागली. गाडी लावायला जागा नाही, बस लांब थांबते, मग गिऱ्हाईक येणार कसं? नगरपालिकेनं ठरवलं की बाजाराला लागूनच इमारत बांधायची: खाली बसथांबा, वर गाड्यांचे मजले. आराखडा फूटपट्टीकडे आला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

खरी मेख दारात होती. बसच्या वळणांमुळे माणसांना चालत बाहेर पडायला एकच मोठं दार देता येत होतं. ते बाजाराकडे उघडलं तर उतरलेली सगळी माणसं दुकानांवरून जाणार. मागच्या रस्त्याला उघडलं तर बाजाराच्या वाट्याला कोरी भिंत. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, हा सगळा खटाटोप बाजारासाठीच आहे, दार तिकडेच हवं. तिनं मान डोलावली. मग बसचं वळण, जमिनीचा उतार, अग्निशमनाची गाडी, अशी कारणं एकावर एक रचत गेली. त्यातलं एकही खोटं नव्हतं. साहेब शेवटी कंटाळले आणि सही करून मोकळे झाले. भिंतीची रेघ तिनं स्वतः ओढली, सावकाश, चवीनं.

इमारत उभी राहिली. मागच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि बाजारात दुकानदार माश्या मारत बसले. एक दिवस दीर तिच्या घरी आला. दुकान विकायला काढलंय, पण कुणी विचारतही नाही, म्हणाला.

"वहिनी, तुम्ही तर तिथंच होतात. कुणी केलं हे?"

या प्रश्नासाठी ती किती वर्षं थांबली होती!

"मी केलं, भावजी."

तिच्या जिवाला गार वाटलं. आता तो आरडाओरडा करील, म्हणून ती मजेत वाट बघत राहिली.

"माझी करणीच तशी होती, मी भोगीन," तो म्हणाला. "पण मावशींनीही काल मशीन विकलं. त्यांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

आराखड्यावर मावशींचं दुकान तिला रोज दिसत होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं मनाला बजावून तिनं रेघ ओढली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "त्यांचं दुकान तुमच्या शेजारी होतं."

म्हणताना तिला स्वतःचीच भीती वाटली. पण तो आराखडा पुन्हा हाती आला असता, तर तिनं तीच रेघ ओढली असती.