दाणा चावायची दाढ

२०२२ साल होतं, मी अडुसष्ट वर्षांचा होतो. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टर बाईंनी माझ्या जबड्याचा एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, "बाबाजी, दाढ गेली तिथलं हाडही झिजलंय. आधी बोन ग्राफ्ट करावं लागेल."

हाड गेलं म्हणताच मला भलतंच आठवलं. आमच्या गावात एकाचा अर्धा जबडा तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापायी कापला होता. खर्रा मीही खायचो. मी विचारलं, "क्यान्सर हाये का?"

"नाही. दाढेखाली पू होता, त्यानं हाड खाल्लं."

त्या खरं बोलत होत्या, पण मला ते खरं वाटलं नाही.

बोन ग्राफ्ट म्हणजे हिरडी उघडायची आणि हाडाच्या खड्ड्यात रव्यासारखी भुकटी भरायची. काही महिन्यांत तिथं आपलं हाड धरतं. मग इम्प्लांट, म्हणजे धातूचा स्क्रू हाडात बसवायचा आणि त्याच्यावर दाढेची टोपी. मी विचारलं, ही भुकटी कोणाच्या हाडाची? त्या म्हणाल्या, जनावराची मिळते, कारखान्यात बनवलेलीही मिळते. मी कारखान्याचीच मागितली.

लोक म्हणत, या वयात कशाला, कवळी लावा. पण सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात धान वाळला की नाही ते दाणा चावून पाहतात. कट् वाजला तर वाळला, दबला तर ओला. ओला धान भरून ठेवला तर काळा पडतो. लोक दाणे घेऊन माझ्याकडंच येत. डावीकडच्या दाढा कधीच्या गेल्या होत्या. उजवीकडची ही एक कामाची होती, तीही उन्हाळ्यात काढावी लागली. कापणी तोंडावर आली होती आणि मी बिनकामाचा होणार होतो.

ग्राफ्टच्या दिवशी दवाखान्यात माझी बायको कौसल्या माझ्याकडं बघून म्हणाली, "वाघ आडवा आला तं हालले नाई, अन् सुईले भेता?"

"वाघ तोंडात हात नाई घालत," मी म्हटलं.

पण खुर्चीचा दांडा मी असा धरला की बोटं पांढरी पडली. इंजेक्शननं अर्धा ओठ दुसऱ्याचा वाटायला लागला. दुखलं नाही. खरवडल्याचा आवाज मात्र डोक्याच्या आतून येत होता. टाके पडले. त्या बाजूनं चावायचं नाही, खर्रा बंद, असं सांगून बाईंनी घरी पाठवलं.

टाके ओले होते तेव्हाच शेजारचा मारोती ओंजळीत धान घेऊन आला. "भाऊ, पायता का जरा?"

माझा हात आपोआप पुढं झाला. दाणा तोंडात गेला, जिभेनं सवयीनं उजवीकडं नेला आणि मी चावलं. खाली दाढ नव्हतीच. वरच्या दाढेनं दाणा टाक्यात रुतवला. तोंड खारट झालं.

"उद्या ये," एवढंच मारोतीला म्हटलं आणि मागच्या अंगणात जाऊन थुंकलो. रक्तात त्या भुकटीचे रव्यासारखे दाणे होते. पायानं माती ओढली त्याच्यावर.

कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. गाल सुजत गेला. मला सारखा तो जबडा कापलेला माणूस दिसायचा. शेवटी कौसल्या समोर उभी राहिली.

"तोंड दाखवा."

"नाई."

"मंग बसमध्ये बसा."

दवाखान्यात बाकावर बसलो तर उठून पळावं वाटत होतं. डॉक्टर बाईंना दाण्याचं सांगावंच लागलं. त्यांनी तपासलं. "थोडी भुकटी बाहेर आली, बाकीची धरून आहे. पण इतका उशीर काऊन केला, बाबाजी? गावात दाणा चावायला दुसरं कोणीच नाही?"

"नाई," मी म्हटलं. मागं कौसल्या तोंडाला पदर लावून हसत होती.

माझ्यासारखी वेळ कोणावर आली तर एवढं ऐका. टाका उसवला, रक्त आलं, तर त्याच दिवशी जा. मातीनं झाकू नका. मी नशीबवान, म्हणून निभावलं.

पुढच्या उन्हाळ्यात हाड भरलं आणि स्क्रू बसला. तेव्हाही भ्यालो. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली तेव्हा वर टोपी चढली. बाई म्हणाल्या, "ही चांगली चावेल. पण तिला शीर नाही. दाणा दबला की फुटला, ते तिच्यातून पहिल्यासारखं नाही कळणार. आणि सध्या मऊच खा."

घरी येऊन आरशात दाढ पाहिली. जीभ फिरवून पाहिली. घट्ट होती. तिला काही कळणार नाही, हे मात्र डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोती आला. "भाऊ, आता तं दाढ आली. पायता?"

मी दाणा घेतला. तोंडाजवळ नेला. मग कौसल्येच्या हातावर ठेवला.

"तू चाव."

तिनं माझ्याकडं पाहिलं, दाणा चावला आणि हळूच म्हणाली, "वला हाये."

मी मारोतीकडं वळून म्हणालो, "अजून एक ऊन दे."